रामटेके मॅडमचा प्रश्न

रामटेके मॅडम गेल्या, हे सांगायला रायपूरहून मिश्राजींचा फोन आला. मिश्राजी आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. "अर्चना दीदी, अपनी मैडम नहीं रहीं," एवढंच ते म्हणाले. मी तेव्हा पुण्याजवळच्या एका कारखान्यात होते. जनावरांच्या लशी तयार होतात तिथं. काचेपलीकडे छोट्या बाटल्या रांगेनं पुढं सरकत होत्या, प्रत्येक बाटलीत दहा कुत्र्यांना पुरेल एवढी रेबीजची लस. मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले. या कामात मी कशी आले, असं मला कुणी विचारलं तर मी सहसा काहीतरी छोटं उत्तर देऊन सोडून देते. खरं उत्तर रामटेके मॅडमपाशी जातं आणि ते सांगायला वेळ लागतो.

छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं. दर आठवड्याला कुठल्यातरी जुन्या इमारतीवर नवं संचालनालय उगवायचं. पाटीवरचं 'मध्य प्रदेश' खरवडून त्यावर नवा रंग द्यायचे, पण खालची अक्षरं उन्हात पुन्हा दिसायची. कर्मचाऱ्यांची दोन राज्यांत वाटणी चालली होती. ज्यांना जमलं ते भोपाळला निघून गेले. मॅडमनाही जाता आलं असतं. त्या राहिल्या. का राहिलात, असं विचारलं तर म्हणायच्या, "इथले जनावरं कोठी जातीन?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढं फाइल घेऊन उभी राहिले तेव्हा त्या एका बैलाच्या शिंगाशी वाकलेल्या होत्या. बुटकी, रुंद बांध्याची बाई. सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात गमबूट. कपाळावर काही नाही, मनगटावर पुरुषी घड्याळ. डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता. तो एका म्हशीनं खांबाशी दाबला होता, हे मला नंतर कळलं.

"नाव?"

"अर्चना. रेल्वे कॉलनीतली. बाबा रेल्वेत आहेत."

"मराठी आहेस काय? बरं झालं. व्हेटरनरीले काहून आली तू?"

मी ठरवून आलेलं वाक्य विसरले. "एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून," असं तोंडातून निघालं.

मॅडमनी मान वर केली. मला वाटलं, आता संपलं. त्या म्हणाल्या, "खरं बोलली. हे धर," आणि चिमटा माझ्या हातात दिला. बैलाच्या शिंगाच्या मुळाशी जखम होती आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. पहिल्या पाच अळ्या काढून मी भिंतीआड जाऊन ओकले. परत आले तेव्हा त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "झालं? आता बाकीच्या काढ. तो बैल कधीचा उभा आहे बिचारा."

मॅडम भिलाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. वडील नागपूरकडून आलेले. कॉलेजात त्यांच्या वर्गात दोनच मुली होत्या आणि दुसरीनं पहिल्याच वर्षी सोडलं. याबद्दल त्या फार बोलत नसत. लग्न केलं नाही, त्याबद्दलही नाही. घरात त्या आणि त्यांची आई, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि दारात कायम कुणाचं तरी बांधलेलं वासरू.

त्यांच्या पिशवीत स्टीलचा एक पेला असायचा. मला वाटायचं, स्वच्छतेसाठी असेल. एकदा सदर बाजारामागच्या एका जुन्या घरी आम्ही अडलेल्या गाईसाठी गेलो. दोन तास मॅडमचा हात खांद्यापर्यंत आत होता. वासराचं मुंडकं वळलेलं होतं. शेवटी वासरू जिवंत बाहेर आलं तेव्हा त्या घरातली सगळी माणसं रडत होती. मग चहा आला. मला कपबशीत, मिश्राजींना कपबशीत, मॅडमपुढं प्लॅस्टिकचा फेकायचा कप. घरातल्या आजींनी आधी मॅडमचं आडनाव विचारून घेतलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मॅडमनी तो कप बाजूला सरकवला, पिशवीतून आपला पेला काढला आणि पुढं केला. "इसमें दीजिए, अम्मा. मुझे ज़्यादा लगती है." आजींनी चहा ओतला. मॅडमनी सावकाश प्यायला, नळावर पेला धुतला, पिशवीत ठेवला, आणि वासरानं पहिलं दूध अर्ध्या तासात प्यायलंच पाहिजे, असं दोनदा बजावून आम्ही निघालो. गाडीत मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "वासरू चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं ध्यानात ठेव."

जनावरांशी त्या वऱ्हाडीत बोलत, मालकांशी छत्तीसगडीत, साहेबांशी हिंदीत. तीनही भाषांत एक गोष्ट सारखीच होती. खोटा दिलासा त्यांनी कधी कुणाला दिला नाही. एखादं जनावर वाचणार नसेल तर मालकाला बाजूला घेऊन सरळ सांगत. माणसं चिडायची, दुसरा डॉक्टर शोधायची. मी एकदा म्हटलं, "मॅडम, थोडी आशा दाखवली तर काय बिघडतं?" त्या म्हणाल्या, "आशेपायी तो माणूस चार दिवस त्या जनावराले दवा पाजत बसते, आणि ते चार दिवस जनावराले दुखत राह्यते. ते कोण भोगते? तू?"

आता एका गाईची गोष्ट सांगते.

नवरात्रीचे दिवस होते. तेलीबांध्याच्या तळ्याभोवती आजच्यासारख्या इमारती नव्हत्या तेव्हा. मागच्या बाजूला गवळ्यांचा, मजुरांचा एक पारा, म्हणजे वस्ती, होती. तिथून एक कुटुंब गाय घेऊन आलं. गाय लाळ गाळत होती, दोन दिवस काही खात नव्हती, पाण्यापाशी जाऊन तोंड फिरवत होती. घराचा कर्ता माणूस, मनहरण त्याचं नाव, म्हणाला, "नरियर फंस गे हे, मैडम." घटापुढचा नारळ खाल्ला असेल, घशात अडकला असेल, असं सगळ्यांचं म्हणणं. मॅडम पलीकडच्या शेडमध्ये होत्या. मला आपलं कसब दाखवायचं होतं. मिश्राजींनी गाईचा जबडा धरला आणि मी कोपरापर्यंत हात आत घातला.

तेवढ्यात गाय हंबरली. घोगरा, फाटका आवाज. पलीकडून मॅडम धावत आल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"हात काढ! अर्चना, हात काढ बाहेर!"

त्यांनी मला नळाखाली उभं केलं, साबण हातात घेतला आणि माझा हात स्वतः धुवायला लागल्या. घड्याळ बघून पंधरा मिनिटं. माझ्या बोटाला एक जुनी चीर होती, ती त्यांनी पाहिली. तिथं पुन्हा साबण लावला. मिश्राजींचेही हात धुतले. मग मनहरणकडं वळल्या.

"कुत्रं चावलं होतं काय गाईले?" घाईत त्या मराठीतच बोलल्या, मग भानावर येऊन छत्तीसगडीत विचारलं.

हव, चावलं होतं. महिन्यापूर्वी, पोळ्याच्या वेळी. एक पिसाळलेलं कुत्रं पाऱ्यात शिरलं होतं, लोकांनी मारून टाकलं. गाईच्या नाकपुडीला जरासं लागलं होतं. हळद लावली, बरं झालं.

गाय वाचणार नव्हती. मॅडमनी ते तिथंच सांगितलं. तिला वेगळं बांधलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. पण मॅडमचं लक्ष आता माणसांकडं होतं. कुत्र्याच्या दातांतून, जनावराच्या लाळेतून हा रेबीज माणसात येतो आणि एकदा लक्षणं दिसली की जगात त्याला औषध नाही. आधी इंजेक्शनं घेतली तर माणूस वाचतो. हातात वेळ तेवढीच असते. त्याच दिवशी त्या मनहरणच्या घरी जाऊन अंगणात बसल्या आणि मला म्हणाल्या, "लिही." मग त्याला विचारलं, घरात कोण कोण आहे?

मनहरण, त्याची बायको, म्हातारे वडील, दोन मुलगे, एक सून. सहा. मी सहा नावं लिहिली.

सहाही जणांना मॅडमनी मोठ्या दवाखान्यात नेलं. पहिल्या इंजेक्शनाला सगळे आले, तिसऱ्याला म्हातारे अडले. "बुढ़ा गेंव मैं, मोला का होही?" मी म्हातारा, मला काय होणार? मॅडम त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत उठल्याच नाहीत. शेवटी म्हातारेच वैतागून उठले, "चल बाई, चल." त्या महिन्यात मीही पाच इंजेक्शनं घेतली, मिश्राजींनी घेतली. प्रत्येक वेळी मॅडम बरोबर. सहाही जण धडधाकट राहिले. एका हिंदी पेपरात चार ओळींची बातमी आली. साहेबांनी बैठकीत मॅडमचं नाव घेतलं. मला वाटलं, आपण माणसांचे डॉक्टर नाही झालो म्हणून काय झालं, सहा माणसं वाचवली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मनहरण दवाखान्याच्या फाटकात उभा होता. गळ्यातला गमछा दोन्ही हातांनी धरलेला. आत येईना.

मॅडम त्याच्यापाशी गेल्या. मी मागं होते.

"नोनी ह पानी देख के डर्रावत हे, मैडम," तो म्हणाला. पोरगी पाण्याला भिते आहे.

कोण नोनी? त्याची मुलगी, सुनीता. लग्न झालेली. छत्तीसगडात पोळ्याला लेकी माहेरी येतात, तीजाचा, म्हणजे हरतालिकेचा, उपास करून सासरी परत जातात. त्या कुत्र्यानं गाईला धरलं तेव्हा सुनीतानंच काठी घेऊन त्याला हाकललं होतं आणि त्या झटापटीत तिच्या घोट्याला दात लागला होता. जरासाच. तिनंही हळद लावली. आम्ही नावं लिहून घेतली तेव्हा तिला सासरी जाऊन महिना होत आला होता. लेक दिलेली, दुसऱ्या घरची. घरात कोण कोण आहे म्हटल्यावर तिचं नाव मनहरणच्या तोंडात आलंच नाही. त्यात त्याची काही चूक होती, असं मला आजही वाटत नाही.

धमतरीकडच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं होतं. मॅडमनी जीप काढली, मला बसवलं. दोन तासांची वाट होती. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बघून फक्त मान हलवली. खोलीची खिडकी अर्धी लावलेली होती, उजेड सहन होत नव्हता म्हणून. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. हात बांधलेले. मधूनच शांत व्हायची, तेव्हा अगदी चारचौघींसारखी दिसायची.

मॅडम तिच्या जवळ गेल्या. मनहरणनं तिला सांगितलं की या गाईच्या डॉक्टरीणबाई आहेत. सुनीतानं मॅडमकडं पाहिलं. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

"गाय ह बने हे न?"

गाय बरी आहे ना?

मॅडमनी वाकडा अंगठा तिच्या कपाळावरून फिरवला. "हव नोनी," त्या म्हणाल्या, "बने हे. पगुरावत बइठे हे." बरी आहे, रवंथ करत बसली आहे.

खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सुनीता गेली. परत येताना मी जीपमध्ये रडायला लागले. "मॅडम, यादी मी लिहिली होती."

"तू लिहिलं तेच, जे त्यानं सांगितलं. त्यानं सांगितलं तेच, जे मी विचारलं." मग म्हणाल्या, "मी घरात कोण आहे ते विचारलं. घरात कोण येऊन गेलं, ते विचारलं नाही."

त्यानंतर जिथं जातील तिथं त्या हाच प्रश्न विचारायच्या. घरात कोण येऊन गेलं? मजूर, पाहुणे, दूध घ्यायला येणारी शेजारीण, माहेरवाशीण. लोक हसायचे, एवढी कसली चौकशी. त्या थांबायच्या नाहीत.

महिन्याभरानं त्यांनी एक अर्ज लिहिला. शस्त्रक्रियेचं काम सोडून त्यांनी लसीकरण आणि रोगांच्या नोंदीचा विभाग मागितला. आमच्या खात्यात ती कोपऱ्यातली जागा समजली जायची. तिथं ना नाव, ना आभार, ना खासगी कामं. साहेबांनी त्यांना समोर बसवून समजावलं, "मैडम, पूरे रायपुर में आपके जैसा हाथ नहीं है. वहाँ तो सिर्फ़ टीका है और काग़ज़." लस टोचायची आणि कागद भरायचे, एवढंच तिथं. मॅडम म्हणाल्या, "हाथ बहुत चला लिया, सर." अर्ज मंजूर झाला. गमबूट त्यांनी मला दिले. ते मला दोन अंगुळं मोठे व्हायचे, तरी मी तेच वापरले.

पुढची वर्षं त्या स्कूटीवर लशींची निळी थंड पेटी बांधून फिरत राहिल्या. शाळांत जाऊन मुलांना सांगायच्या की कुत्रं चावलं तर घरी लपवू नका, आधी साबणानं धुवा, मग दवाखान्यात चला. एका शाळेत एक चिमुरडी उठून म्हणाली की आई मारेल. "तर आईले माझ्याकडं घेऊन ये," मॅडम म्हणाल्या, मग हिंदीत तेच. गावोगावच्या दवाखान्यांतून येणारे कागद त्या एकेक वाचायच्या. कुठं तीन शेळ्या एका आठवड्यात मेल्या, कुठं डुकरं मेली, कुठं कोंबड्या. साहेब लोक ज्याला किरकोळ म्हणत, त्यासाठी त्या दुपारच्या उन्हात तीस-तीस किलोमीटर जाऊन यायच्या. मधून मधून त्यांना ताप यायचा, सांधे सुजायचे. अडलेल्या गाई मोकळ्या करताना लागलेला जुना आजार होता तो, आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना असतो. त्या गोळी घेऊन परत स्कूटीवर बसायच्या.

एकदा कॉलेजनं त्यांना शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढं बोलायला बोलावलं. विषय होता, पुढं काय करता येईल. आधीच्या वक्त्यानं पडद्यावर कंपन्यांची चित्रं दाखवली होती. मॅडम खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या, पण फळ्यावर काही लिहिलं नाही. आपल्या वर्गातले सोबती त्यांनी एकेक करून सांगितले. एक कोंबड्यांच्या कंपनीत मोठा साहेब झाला. एक सैन्यात गेला, घोडे आणि खेचरं सांभाळतो. एक बँकेत. एक प्राणिसंग्रहालयात, वाघाचा दात काढताना त्याच्या हाताला चव्वेचाळीस टाके पडले. एक शिकवतो. एक कत्तलखान्यात मांस तपासतो. त्याला कुणी लग्नात बोलावत नाही, पण त्याच्यामुळं शहर आजारी पडत नाही. एक शहरातल्या कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो, त्याच्याकडं रडायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रांग असते. "सब काम अच्छे हैं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुनीताची गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली. आपण कुठला प्रश्न विचारला नाही, तेही सांगितलं. दोनशे मुलं ऐकत होती.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मैडम, आप जो करती हैं, उसमें स्कोप क्या है?"

त्याला टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडमनी खडू टेबलावर ठेवला.

"तुमने काम ठीक किया तो कोई नहीं मरेगा," त्या म्हणाल्या. "और कोई नहीं मरा, तो किसी को पता नहीं चलेगा कि तुमने कुछ किया. इतना स्कोप है, बेटा."

मी मागं भिंतीला टेकून उभी होते. लस बनवण्याच्या कामाचा अर्ज मी त्याच आठवड्यात लिहायला घेतला, पण पाठवायला मला आणखी तीन वर्षं लागली. मॅडमना सोडून जायचं कसं, हे कळत नव्हतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "तो अर्ज पाठवला की अजून बॅगेतच ठेवून राहिली?" त्यांना कसं कळलं होतं, देव जाणे. "जा तू. माझी पेटी कोणी तरी भरायले पायजे ना?"

मी निघायच्या आठवड्यातच त्यांची निवृत्ती आली. खात्यानं समारंभ ठेवला होता. दुपारी चार वाजता, शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. साडेतीन वाजले तरी मॅडमचा पत्ता नाही. मिश्राजी म्हणाले, उरल्याला गेल्या असतील. मी ऑफिसची गाडी घेऊन निघाले.

उरल्यात पोलादाच्या कारखान्यांमागं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग आहे. धूळ एवढी की झाडांचा रंग ओळखू येत नाही. पाळी सुटली होती. कामावरून आलेली माणसं तशीच, काळवंडलेल्या कपड्यांनी, प्लॅस्टिकच्या दोऱ्यांना बांधलेली कुत्री घेऊन उभी होती. मॅडम एका सिमेंटच्या पाइपावर पेटी ठेवून इंजेक्शनं देत होत्या. केस पुरते पांढरे झाले होते.

"मॅडम, चार वाजतील. सगळे वाट बघून राहिले."

"बघू दे. हे संपवते."

मी साडीचा पदर खोचला आणि कुत्री धरायला लागले. एक एक करत रांग संपली. माणसं पांगली. मला वाटलं, आता येतील. पण त्या खोल्यांच्या टोकाकडं बघत होत्या. तिथं कचऱ्याच्या ढिगापाशी एक तांबडी कुत्री उभी होती. कुणाची नव्हती. आचळं लोंबत होती, म्हणजे पिल्लं जवळपास कुठंतरी असणार. आम्ही पाऊल टाकलं की ती दोन पावलं मागं जायची.

"ही नाही येणार, मॅडम. उद्या कुणाला तरी पाठवू."

"उद्या मी नोकरीवर नाही." त्यांनी सुई भरून रुमालाखाली झाकली. "तू जा. साहेबायले सांग, शाल मिश्राजीजवळ देऊन ठेवा."

"तुम्हाला सोडून कशी जाऊ?"

"जा म्हणलं ना. दोघी असलो तर ते येत नाही."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घाईघाईनं, लक्ष दुसरीकडं असल्यासारखा. मग त्या चालत कुत्रीच्या अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या, धुळीत खाली बसल्या, सुजलेला गुडघा हातानं उचलून पाय लांब केला. डब्यातली पोळी काढून तुकडे शेजारी ठेवले. आणि कुत्रीकडं पाठ फिरवून, आपल्याला काहीच घाई नाही असं, समोरच्या भिंतीकडं बघत बसल्या.

गाडी वळवून मी मागच्या काचेतून पाहिलं. तांबडी कुत्री कचऱ्यापासून सुटून थोडी पुढं आली होती, मान खाली घालून, एक पाय उचलून थांबली होती. मॅडम हलल्या नाहीत. मग एक ट्रक मधे आला आणि धूळ उठली.